निषादावरचं खाकरणं

एकदा एक वृद्ध गवई होता, आणि तो खाकरत असे.

घसा बिघडला होता म्हणून नव्हे. घसा ठणठणीत होता. त्या वयातही त्याचा खर्ज लागला की समईची ज्योत हलते, असं लोक सांगत. लोक काहीही सांगतात. बुवा खाकरत ते शिष्यांसाठी. शिष्य बैठकीत गायला बसला, की बुवा पहिल्या रांगेत, बरोबर त्याच्या समोर, मांडी ठोकून बसत. सूर जरासा ढळला, तान मध्येच आखडली, की बुवा खाकरत. अगदी हळू. शेजारच्या माणसाला वाटे, पानातली सुपारी अडकली असेल. गाणाऱ्याला मात्र कळे, आणि त्याच्या पाठीतून थंड पाण्याचा ओघळ उतरे.

ही त्या घराण्याची रीत होती. बुवांचे गुरू असेच खाकरत, आणि त्यांचेही गुरू. बंदिशींतले शब्द पिढ्यांमागून पिढ्या झिजत गेले होते, काही रागांची चलनं पार बदलली होती, दोन-चार राग तर गाणाऱ्याबरोबरच सरणावर गेले होते. खाकरणं तेवढं जसंच्या तसं पुढे आलं. वडीलधाऱ्यांच्या हातून काय हरवतं आणि काय टिकतं, याचा विचार करू नये. जेवण जात नाही.

दुसरीही एक रीत होती, ती बहुतेक गवयांत असते. गुरूचं नाव घेताना हाताने कानाची पाळी धरायची. ज्याच्याकडून काही घेतलं, त्याचं नाव असं मोकळ्या हाताने घ्यायचं नाही. बुवाही आपल्या गुरूचं नाव घेताना कान धरत. पण इतका घट्ट, की पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी अजून पिळतंच आहे.

या बुवांची एक शिष्या होती. तिला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. बैठकीआधी यजमान उठून सांगत, "आता बुवांची शिष्या गाईल." बुवा तिला पोरी म्हणत. दृष्टांतातल्या शिष्याला नाव द्यायचं नाही, अशी आपल्याकडे पद्धतच आहे. तिच्या वाट्याला ही पद्धत ती दृष्टांतात येण्याआधीच आली होती.

पोरीचं गाणं मात्र नाव विसरू देणारं नव्हतं. तिचा आवाज गोड नव्हता; रुंद होता. नदीला पूर आल्यावर काठावरची माणसं जशी न बोलता उभी राहतात, तशी माणसं तिच्यासमोर बसत. तिला हे ठाऊक होतं आणि ती ते लपवतही नसे. "चांगली गातेस गं," असं कुणी म्हटलं की ती मान खाली न घालता म्हणे, "हो. मेहनत केलीय." तिचं हे बोलणं वडीलधाऱ्यांना आवडत नसे. आपल्याकडे पोरांनी चांगलं असावं, पण ते त्यांना माहीत नसावं, अशी अपेक्षा असते.

एका सकाळी ती तोडी गात होती. सूर पायरी पायरीने वर चढत होते, आणि वरच्या षड्जाच्या अगदी उंबरठ्यावर, निषादावर, ती थांबली. ही जागा अवघड असते. षड्ज समोर दिसत असतो, ऐकणाऱ्याचा जीव तिकडे ओढ घेत असतो, आणि गाणाऱ्याने निषादावर पाय रोवून म्हणायचं असतं, थांबा, मी सांगेन तेव्हा. थांबण्यात धाडस असतं, कारण तिथे सूर थरथरतोच. थरथरत थरथरत तो आपली जागा शोधतो.

तो थरथरला आणि बुवा खाकरले.

पोरगी घसरून षड्जावर गेली. श्रोते म्हणाले, वाहवा.

पुढच्या बैठकीत ती निषादावर थांबलीच नाही. खालून थेट षड्जावर उडी घेतली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग तिने आणखी एक जागा गाळली, जिथे खाकरणं येऊ शकलं असतं. मग आणखी एक. जिथे जिथे पाय घसरेल, ती ती वाट तिने बंद केली. तिचं रुंद गाणं एका बोळासारखं झालं. लोक म्हणू लागले, "काय निर्दोष गाते!" ज्या घरात कुणी राहत नाही, तेही निर्दोषच असतं. चूल नाही, म्हणून काजळी नाही.

याच सुमारास बुवा काही दिवस परगावी गेले. त्यांच्या गैरहजेरीत एका लग्नात ती गायली, आणि पहिल्या रांगेत तिला खाकरणं ऐकू आलं. तिने डोळे उघडून पाहिलं. समोर एक जाडजूड व्याही लाडू खात होता. तो खाकरला नव्हता. कुणीच खाकरलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते तिला सगळीकडे ऐकू येऊ लागलं. रियाजात, विहिरीवर, वरणाला फोडणी देताना. बैठक ठरली की तिच्या पोटात अन्न ठरेना. हात गार पडत. वैद्याने नाडी पाहून सांगितलं, "काही नाही, पित्त आहे." आपल्याकडे माणसाला दुसरं काही होतच नाही. एक तर पित्त होतं, नाही तर थेरं.

वसंतातल्या उत्सवाची बैठक गावचे शेठजी भरवत. यंदा त्यांनी तिलाच गायला बोलावलं, आणि घराण्यातले सगळे बुजुर्ग गवई पहिल्या रांगेत बसायला यायचे होते. आदल्या दुपारी हे बुजुर्ग शेठजींच्या ओसरीवर पान खात बसले होते. त्यांच्यात जे वयाने सर्वांत थोर होते, त्यांना सगळे दादा म्हणत. बुवाही तिथेच होते. पोरगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला भीती वाटते."

आधी एक जण हसला, मग सगळे.

"कशाची गं? सुरांची की म्हाताऱ्यांची?"

"म्हाताऱ्यांची," ती म्हणाली.

हसणं थांबलं. दादांनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. "आमच्या काळी, पोरी, गुरू तंबोऱ्याची खुंटी फेकून मारत. कपाळावर ही खोक बघ. आम्ही रडलो का? भीती ही गवयाची पहिली तालीम."

"आणि दुसरी?"

दादांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पानाच्या डब्याचा तळचा कप्पा उघडून एक काळी गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "बसायच्या आधी दाढेखाली धर. हात थांबतात. आवाजाला काही होत नाही."

तिने गोळी हुंगली. अफूच होती. "तुम्हीही घेता?"

"कोण घेत नाही?" दादा म्हणाले. "बोलायचं नसतं, इतकंच."

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी सुपारी कातरू लागला, कुणाला अंगणातल्या तुळशीत अचानक रस वाटू लागला. मन खंबीर ठेव म्हणून तिला रोज सांगणारी ही सगळी माणसं. बुवा जमिनीकडे बघत होते.

तिने गोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "दादा, तुम्हाला भीती वाटते हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर आज ही देण्याची वेळ आली नसती. राहू दे. तुम्हाला लागेल."

"जीभ बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. पण ती तोवर पायऱ्या उतरली होती.

बुवा तिच्यामागे आले. विहिरीपाशी त्यांनी तिला गाठलं. धापा टाकत होते.

"हे काय बोललीस? दादा आहेत ते."

"खरं बोलले. बुवा, उद्या मी गाणार नाही. आणि उद्याच काय, कधीच नाही."

"वेडी आहेस का? तुझ्यासारखा गळा..."

"गळा माझा आहे. तो कुठे न्यायचा ते मी ठरवीन. मला तुमच्याकडून गाणं हवं होतं, ते तुम्ही दिलंत, भरभरून दिलंत. त्याच्याबरोबर तुमचं खाकरणंही आलं. गाणं कधीकधी विसरते मी. ते विसरता येत नाही."

बुवांचा आवाज कडक झाला. "मी खाकरतो ते तुझ्या भल्यासाठी. माझे गुरू," त्यांचा हात कानाकडे गेला, पाळी चिमटीत लाल झाली, "माझे गुरू खाकरले म्हणून मी गवई झालो."

"तुम्हीही निषादावर थांबत नाही, बुवा."

बुवांचा हात कानावरच राहिला.

"लोकांना तुमचं तोंड दिसतं," ती म्हणाली. "मी तुमच्या मागे तंबोरा घेऊन बसते. मला पाठ दिसते. निषाद जवळ आला की तुमचा श्वास अडकतो, खांदे वर येतात आणि तुम्ही उडी मारता. दर वेळी. लोक वाहवा म्हणतात. आधी मला वाटायचं, घराण्याची ही चालच असेल. माझे खांदे वर यायला लागले, तेव्हा कळलं." ती थोडी थांबली. "तुमचे गुरू वारले, त्याला किती काळ झाला? अजून ऐकू येतं ना?"

दृष्टांतातला वृद्ध इथे मंद स्मित करतो आणि काहीतरी गूढ बोलतो. या वृद्धाला काहीही सुचलं नाही. त्याने विहिरीच्या कठड्यावर हात टेकला आणि तो म्हणाला, "उद्या ये. गायचं की नाही, ते तिथे बसून ठरव. नाही गायलीस तर तुला कुणी काही बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींचा दिवाणखाना भरून गेला. पहिल्या रांगेत सगळे बुजुर्ग, मधोमध दादा, आणि दादांशेजारी बुवांसाठी राखलेला पांढरा लोड. पोरगी आली. गाणार नाही असं सांगायलाच ती आली होती. पण ठरवलेलं बैठकीच्या जागी बसून सांगावं, दारातून ओरडून नव्हे, एवढा मान ती गाण्याला देत होती. ती बसली.

तेवढ्यात बुवा आले. लोक उठून उभे राहिले. बुवा लोडापाशी आले, लोड ओलांडला, पोरीच्या बाजूने मागे गेले, भिंतीला टेकवलेला तंबोरा उचलला आणि तिच्या पाठीमागे, शिष्य बसतात त्या जागी, मांडी घालून बसले.

दिवाणखान्यात कुजबुज उठली. गुरूने शिष्येच्या मागे तंबोरा धरायचा, हे त्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं.

"बुवा," दादा मोठ्याने म्हणाले, "तुमची जागा इकडे आहे."

"तिथून नीट ऐकू येत नाही," बुवा म्हणाले.

मागच्या रांगांत हसू फुटलं. तबलजी, जो बुवांच्या तरुणपणापासून त्यांच्या साथीला होता आणि म्हणून कुणालाच भीत नव्हता, हातोडी थांबवून म्हणाला, "बुवा, तंबोरा लावता येतो ना अजून? की लावून देऊ?"

"तू तुझा डग्गा बघ. मघापासून रडतोय."

तंबोऱ्याचा झंकार सुरू झाला. पोरीने मागे वळून पाहिलं नाही. पण पाठीशी तो झंकार एखाद्या माणसासारखा येऊन बसला, तेव्हा तिला जाणवलं, समोरची एक जागा रिकामी आहे. लोड होता, माणूस नव्हता. गाणार नाही असं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि त्यातून षड्ज निघाला.

तिने तोडी धरली. सूर पायरी पायरीने चढू लागले. बंद केलेल्या वाटांपैकी एक तिने उघडली, मग दुसरी. गाणं पुन्हा रुंद होऊ लागलं. माणसं काठावर उभी राहिल्यासारखी स्तब्ध झाली. आणि मग निषाद आला.

ती त्यावर उभी राहिली. सूर थरथरला.

पहिल्या रांगेत दादा खाकरले.

मुद्दाम नसेल कदाचित. सवय होती. पण पोरीचा श्वास तिथेच अडकला आणि खांदे वर आले. आता ती उडी मारणार, नाही तर उठून जाणार. त्याच क्षणी पाठीमागे तिला कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. लांब, खडबडीत, म्हातारा श्वास. आणि मागून बुवांचा निषाद आला.

तो उतरलेला होता.

एवढ्या मोठ्या गवयाचा निषाद, भर बैठकीत, सगळ्या घराण्यासमोर, उतरलेला आणि पाण्यातल्या काडीसारखा हलणारा. जन्मभर ज्या जागेवरून तो माणूस उडी मारत आला, तिथे तो प्रथमच उभा राहिला होता, आणि त्याला तिथे उभं राहता येत नव्हतं. पहिल्या रांगेतले सगळे घसे खाकरायला तयार झाले. पण बुवांवर खाकरणार कोण?

पोरीच्या ओठांवर हसू आलं. तिचे खांदे खाली आले. तिने बुवांचा तो उतरलेला सूर आपल्या सुरात घेतला, जसा वाटेत दमलेल्या माणसाचा हात आपण धरतो, आणि केसाकेसाने वर उचलत त्याच्या जागी नेऊन ठेवला. दोघांचा निषाद एक झाला. ती थांबली. षड्ज समोर होता, लोकांचा जीव तिकडे ओढला जात होता, आणि तिने त्यांना थांबवलं. मी सांगेन तेव्हा.

मग तिने सांगितलं.

षड्ज लागला तेव्हा वाहवा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. शेठजी उघड्या तोंडाने बसले होते. तबलजी आपली सम चुकला, आणि जन्मभर ते अभिमानाने सांगत राहिला.

बैठक संपल्यावर दादा काठी आपटत उठले. "घराण्याची अब्रू घालवलीत, बुवा. स्वतः बेसूर झालात, तेही शिष्येच्या मागे बसून."

शेठजींनाही राहवलं नाही. "खरंच, बुवा. असं का केलंत?"

बुवा तंबोऱ्याला गवसणी घालत होते. ते न थांबता म्हणाले, "दादा, समोर बसलं की चूक ऐकू येते. मागे बसलं की श्वास ऐकू येतो. ही पोरगी इतकी वर्षं माझ्या मागे बसली, म्हणून माझी भीती हिला कळली. मी इतकी वर्षं हिच्या समोर बसलो, म्हणून हिची मला कळली नाही. आज जागा बदलून पाहिली. हिच्या श्वासात मला माझ्या गुरूंचं खाकरणं ऐकू आलं. ते मीच तिथे नेऊन ठेवलं होतं. सूर थरथरतो तेव्हा तो मरत नसतो, दादा. जागा शोधत असतो. तेवढा वेळ आपण त्याला कधी दिलाच नाही. अब्रू म्हणाल, तर ती आज हिने राखली. तुमची, माझी, आणि त्या निषादाची."

एवढं कळायला त्या माणसाला आयुष्य लागलं, आणि तेही पोरीने तोंडावर सांगितल्यावर. त्याला ज्ञानी म्हणायचं तर म्हणा. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की सांगितल्यावर तो उठला आणि त्याने जागा बदलली. बरेच जण ऐकून घेतात आणि लोड सरळ करतात.

पोरीची भीती काही त्या सकाळी पळून गेली नाही. पुढेही बैठकीआधी तिचे हात गार पडत. फरक इतकाच, की ती ते बोलून दाखवू लागली. "हात गार पडलेत हो," ती तबलजीला म्हणे. तो म्हणे, "माझेही. चला, दोघं मिळून गारठू." आणि मग ती गायची, रुंद, आणि कधी एखादी जागा चुकायचीही. चुकली की पुन्हा तिथे जायची.

दादांच्या डब्याचा तळचा कप्पा तसाच राहिला म्हणतात. सगळ्यांच्या हातून सगळं होत नाही.

पुढल्या थंडीत परगावच्या एका बैठकीत बुवा गायला बसले. मागे तंबोऱ्यावर त्यांची शिष्या होती. बुवांनी तोडी घेतली. चढत चढत ते निषादाशी आले. तिने मागून पाहिलं: खांदे वर आले नाहीत. बुवा थांबले. सूर थरथरला, हलला, चाचपडला, आणि हळूहळू आपल्या जागी जाऊन बसला. त्यांनी षड्जाला दारात तिष्ठत ठेवलं, घाई न करता, आणि मग आत घेतलं.

गाणं संपल्यावर तिथले एक जाणकार हात जोडून पुढे आले. "बुवा, ती निषादाची जागा कुणाची? तुमच्या घराण्यात ही कधी ऐकली नाही. गुरूंकडची का?"

सगळ्यांना वाटलं, आता गुरूंचं नाव येणार.

बुवांचा हात वर गेला. त्यांनी कानाची पाळी धरली. या वेळी पिळली नाही. फक्त बोट टेकवलं, देवघरातल्या घंटेला टेकवावं तसं.

"मथुराबाईंची," ते म्हणाले.

मागे तंबोऱ्याची तार छेडायला निघालेलं पोरीचं बोट मध्येच थांबलं. मग तार वाजली.

ज्यांना अजून खाकरायची सवय आहे, त्यांनी पाणी प्यावं, आणि एक दिवस मागे जाऊन बसावं.